घोड्याच्या रक्तापासून उंदराच्या आठवणीपर्यंत: सुसुमु तोनेगावा यांचं संशोधन

मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की ग्रामीण रुग्णालयात साप चावलेले लोक यायला लागतात. वावरात निंदताना गवतात गेलेला हात, अंधारात धुऱ्यावर पडलेलं पाऊल, उकाड्यामुळे जमिनीवर टाकलेलं अंथरूण, एवढं निमित्त पुरतं. (आधी मांत्रिकाकडे, मग दवाखान्यात, हा क्रम अजूनही काही ठिकाणी आहे. त्यात जाणारा एकेक तास जीवावर बेततो.) दवाखान्यात जे औषध शिरेतून देतात, ते घोड्याच्या रक्तातून काढलेलं असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला आधी अगदी थोडं आणि मग हळूहळू वाढवत टोचतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात त्या विषाला जाऊन चिकटणारे आणि त्याला निकामी करणारे प्रथिनांचे रेणू तयार होतात. त्यांना अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंड म्हणतात. रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढून शुद्ध करतात आणि त्याची पावडर छोट्या बाटल्यांमध्ये भरतात.

आता प्रश्न असा की घोणस सापाच्या विषाला नेमकी बसणारी अँटीबॉडी कशी बनवायची, हे त्या घोड्याच्या शरीराला कळलं कुठून? त्याच्या आईबापांना कधी घोणस चावली नव्हती. बरं, विष निदान निसर्गातलं तरी असतं. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्राण्यांना टोचून पाहिली. पृथ्वीवर आधी कुठेही नसलेले ते पदार्थ होते. प्राण्यांच्या शरीराने त्यांच्याविरुद्धही अँटीबॉडी बनवल्या. हे कोडं पुढे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी सोडवलं.

प्रत्येक प्रथिन बनवण्याची कृती जीनमध्ये लिहिलेली असते. माणसाकडे असे जीन साधारण २०,००० आहेत, आणि शरीर बनवू शकतं त्या अँटीबॉडींचे प्रकार अब्जावधी. हा हिशेब जुळत नव्हता. काही शास्त्रज्ञ म्हणायचे की अँटीबॉडींचे सगळे जीन पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येत असणार. दुसरे म्हणायचे की थोडेच जीन येतात आणि जन्मानंतर शरीरात ते बदलतात. १९६५मध्ये विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी तर असं सुचवलं होतं की अँटीबॉडीच्या एकाच साखळीची कृती दोन वेगळ्या जीनमध्ये लिहिलेली असावी आणि ते दोन्ही पुढे एकत्र येत असावेत. त्या काळी हे फार कमी लोकांना पटलं. वाद बरीच वर्षं चालला, कारण जीन ज्यावर लिहिलेले असतात ते डीएनए उघडून बघण्याचं साधनच कोणाकडे नव्हतं.

ते साधन हाती येत होतं, त्याच सुमारास सुसुमु तोनेगावा योग्य जागी पोचले, आणि तेही व्हिसा संपल्यामुळे. त्यांचा जन्म १९३९मध्ये जपानमधल्या नागोयात झाला. क्योतो विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६८मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठातून त्यांनी पीएचडी मिळवली. नंतर रेनातो दुल्बेको यांच्या प्रयोगशाळेत ते विषाणूंवर काम करू लागले. १९७०च्या अखेरीस व्हिसाची मुदत संपत होती आणि नियमाप्रमाणे निदान दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहणं भाग होतं. दुल्बेकोंनी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात नव्याने उभ्या राहणाऱ्या रोगप्रतिकारशास्त्राच्या संस्थेचं नाव सुचवलं. तोनेगावा रोगप्रतिकारशास्त्र शिकलेले नव्हते. १९७१मध्ये ते बाझलला गेले, तिथे तो जुना वाद त्यांच्या कानावर पडला आणि विषाणूंच्या कामातून हाताला लागलेली डीएनए हाताळण्याची तंत्रं इथे लावता येतील हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. वाद सोडवायला त्यांनी आणखी एक सिद्धांत मांडला नाही. डीएनएकडेच जाऊन ते मोजायचं, असं त्यांनी ठरवलं.

नोबुमिची होझुमी यांच्यासोबत त्यांनी केलेला प्रयोग १९७६मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग थोडा सावकाश समजून घेऊ, कारण त्याची मांडणी सुंदर आहे. त्यांनी दोन ठिकाणचं डीएनए घेतलं. एक उंदराच्या गर्भाचं, ज्यात अजून अँटीबॉडी बनत नव्हत्या. दुसरं उंदराच्या कर्करोगाच्या एका गाठीचं, जिच्यातल्या सगळ्या पेशी एकच ठरावीक अँटीबॉडी बनवत होत्या. डीएनएला ठरावीक खुणेवरच कापणारी विकरं (एन्झाइम) असतात. त्यातलं एक विकर वापरून दोन्हींचे तुकडे केले. मग ते तुकडे जेल म्हणजे जेलीसारख्या थरामधून विजेच्या दाबाखाली सरकू दिले. छोटे तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, म्हणजे लांबीप्रमाणे त्यांची रांग लागते. जेलचे काप केले आणि अँटीबॉडीच्या जीनशी जुळणारा किरणोत्सारी आरएनए (जीनची नक्कल असलेला रेणू) कोणत्या कापातल्या डीएनएला चिकटतो ते तपासलं.

अँटीबॉडी प्रथिनांच्या जड आणि हलक्या अशा दोन तऱ्हेच्या साखळ्यांची बनलेली असते. प्रत्येक साखळीला दोन भाग असतात. एक भाग प्रत्येक अँटीबॉडीत वेगळा असतो आणि तोच विषाला किंवा जंतूला धरतो. दुसरा भाग बऱ्याच अँटीबॉडींमध्ये सारखाच असतो. गर्भाच्या डीएनएमध्ये या दोन भागांचे जीन दोन वेगळ्या तुकड्यांवर सापडले, म्हणजे ते एकमेकांपासून दूर होते. गाठीच्या डीएनएमध्ये दोन्ही एकाच तुकड्यावर होते. गर्भापासून अँटीबॉडी बनवणारी पेशी तयार होईपर्यंत मधल्या काळात डीएनए कापलं गेलं होतं आणि नव्याने जोडलं गेलं होतं.

आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे जीन ही गोष्ट घराघरात पोचली आहे. आश्रमशाळेतल्या पोरांनाही वाहक कोण आणि रुग्ण कोण हे माहीत असतं. सिकलसेलचा जीन आईबापाकडून जसा येतो तसाच शरीरातल्या प्रत्येक पेशीत जन्मभर राहतो. सगळ्याच जीनबद्दल बहुतेक शास्त्रज्ञांचा तोवर हाच समज होता. तोनेगावांनी दाखवून दिलं की रक्तातल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींमध्ये अँटीबॉडीचे जीन याला अपवाद आहेत. तिथे वारशाने तयार जीन येतच नाही, जीनचे सुटे भाग येतात.

हे सुटे भाग किती, हे पुढच्या काही वर्षांत कळत गेलं. वखर बनवणाऱ्या सुताराकडे ४० तऱ्हेच्या दांड्या, २३ तऱ्हेची रुमणी आणि ६ तऱ्हेची खोडं असतील, तर प्रत्येकातलं एकेक घेऊन तो ५,५२० वेगवेगळे वखर जोडू शकेल. माणसाच्या अँटीबॉडीच्या जड साखळीचे भाग साधारण असेच आहेत. पहिल्या गटात सुमारे ४०, दुसऱ्यात सुमारे २३ आणि तिसऱ्यात ६. हलक्या साखळीचे असेच ३००च्या वर प्रकार होतात. दोन्हींचा गुणाकार सतरा-अठरा लाखांवर जातो. शिवाय भाग जोडताना सांध्यावर डीएनएची काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात, आणि त्यामुळे आकडा अब्जांच्या पुढे जातो. प्रत्येक बी-पेशी आपली एक जोडणी करते आणि तीच धरून बसते. विष किंवा जंतू शरीरात शिरला की ज्या पेशीची जोडणी त्याला योगायोगाने बसते, तिला वाढीचा इशारा मिळतो आणि तिच्या हजारो प्रती तयार होतात. घोड्याला घोणस सापाच्या विषाचं उत्तर माहीत नसतं. त्याच्याकडे अगणित उत्तरं आधीच फिरत असतात आणि विष आल्यावर त्यातलं बसणारं उत्तर वाढवलं जातं.

डीएनए कापणं धोक्याचंच असतं. कापलेलं टोक चुकीच्या जागी जोडलं गेलं की काही तऱ्हेचे रक्ताचे कर्करोग होऊ शकतात. आणि कापणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असेल तर बाळाला साधा जंतुसंसर्गही झेपत नाही. ही कापणी करणारे दोन जीन पुढे डेव्हिड बॉल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत सापडले.

१९८१मध्ये तोनेगावा अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत गेले आणि १९८७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. वैद्यकाचं नोबेल बहुतेकदा दोघातिघांत वाटलं जातं.

तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. त्याच विषयात पुढची तीस वर्षं मानाने काढता आली असती. त्यांनी मेंदूकडे मोर्चा वळवला. काहींना ही दोन आयुष्यं वेगळी वाटतात, मला तसं वाटत नाही. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, कारण त्या जंतूला ओळखणाऱ्या काही पेशी वर्षानुवर्षं शरीरात टिकून राहतात. घडून गेलेली गोष्ट शरीराने पेशींच्या रूपात धरून ठेवलेली असते. (घोड्याच्या अँटीबॉडी बाहेरून आयत्या मिळतात, म्हणून त्या काही आठवड्यांत संपतात आणि मागे काही उरत नाही. पुन्हा साप चावला तर पुन्हा तेवढंच औषध लागतं.) मेंदूही घडून गेलेलं धरून ठेवतो. मग ते कोणत्या पेशींत? मोजक्या पेशींमध्ये न संपणारा पसारा कसा मावतो, हा त्यांचा प्रश्न होता तसाच राहिला. बदलला तो अवयव.

मेंदूत आठवणीसाठी महत्त्वाचा भाग कानाच्या आतल्या बाजूला खोल असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मिरगीच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्यानंतरची एकही नवी घटना त्याला लक्षात ठेवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला शिकवली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. घटनांची आठवण आणि हाताची सवय मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो, हे त्यावरून कळलं. कापूस वेचण्यात आयुष्य गेलेली एखादी आजी बघा. सकाळी कोण येऊन गेलं ते तिला सांगता येत नाही, पण पऱ्हाटीजवळ बसवलं तर पाला-काडी चिकटू न देता ती बोंडातून कापूस अलगद उचलते. तिची बोटं दुसऱ्या वाटेने काम करत असतात.

तोनेगावांनी मेंदूच्या अभ्यासात आपलं जुनं हत्यार आणलं: जीन. एक जीन काढायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. १९९२मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या अल्सिनो सिल्वा यांनी मेंदूतल्या एका विकराचा जीन नसलेले उंदीर तयार केले. दुधी पाण्याने भरलेल्या टाक्यात उंदराला सोडतात. पाण्याखाली कुठेतरी एक न दिसणारा ओटा असतो. साधा उंदीर भिंतीवरच्या खुणा बघून थोड्याच दिवसांत त्याची जागा शिकतो आणि थेट तिकडे पोहत जातो. या उंदरांना ती जागा नीट शिकता येईना. पण असे उंदीर जन्मल्यापासून सगळ्या शरीरात त्या जीनविना वाढलेले असतात, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही. १९९६मध्ये त्यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसच्या एकाच पट्ट्यातून एक जीन काढून दाखवला, आणि उंदरांना तेव्हाही जागा नीट शिकता आली नाही. यासाठी वापरलेलं तंत्र डीएनए कापून पुन्हा जोडण्याचंच होतं. बाझलमध्ये ज्या घटनेचा शोध लागला, तशाच घटनेचं आता हत्यार झालं होतं. मला त्यांच्या कामातला हा सांधा फार आवडतो.

खरी कमाल पुढे झाली. आठवण मेंदूत काहीतरी प्रत्यक्ष खूण सोडत असणार, असं रिचर्ड सेमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४मध्ये मांडलं होतं आणि त्या खुणेला एनग्राम नाव दिलं होतं. शंभर वर्षं ते नावच राहिलं. २०१२मध्ये तोनेगावांच्या प्रयोगशाळेतल्या शु लिऊ आणि स्टीव्ह रामिरेझ यांनी असे उंदीर वापरले, ज्यांच्या मेंदूत एखादी गोष्ट शिकताना जागृत झालेल्या पेशींवरच खूण बसेल. खूण म्हणजे एका शेवाळाकडून घेतलेलं प्रथिन, ज्याच्यामुळे पेशी निळ्या उजेडाने चालू होते. उंदराला एका पेटीत पायाला हलका शॉक दिला. भीती वाटली की उंदीर जागच्या जागी थिजतो. नंतर त्याला अगदी वेगळ्या, निर्धोक पेटीत ठेवलं. तिथे तो निवांत फिरत होता. कवटीतून आत सोडलेल्या बारीक तंतूतून निळा उजेड दिला आणि तो थिजला. मूठभर पेशी चालू केल्या आणि आठवण जागी झाली.

पुढच्याच वर्षी त्यांनी खोटी आठवणही घडवून दाखवली. पहिल्या पेटीत काहीच वाईट घडलं नाही, फक्त तिच्या आठवणीच्या पेशींवर खूण बसवली. दुसऱ्या पेटीत शॉक देताना त्याच पेशी उजेडाने चालू केल्या. नंतर उंदीर पहिल्या पेटीत थिजू लागला, जिथे त्याला कधी शॉक बसलाच नव्हता. धुऱ्याच्या भांडणात दोन्हीकडचे साक्षीदार देवाची शपथ घेऊन परस्परविरोधी गोष्टी सांगतात, आणि आपण लगेच त्यातला एक खोटारडा ठरवतो. कदाचित दोघेही मनापासून बोलत असतात. जुनी आठवण वर येताना नव्या प्रसंगाशी जोडली जाऊ शकते, हे या प्रयोगाने पेशींच्या पातळीवर दाखवलं.

सगळ्यात महत्त्वाचे मला वाटतात ते विसरण्याबद्दलचे दोन प्रयोग. २०१५मध्ये टॉमस रायन आणि सहकाऱ्यांनी शॉक दिल्यावर लगेच उंदराला असं औषध दिलं, की मेंदूत नवी प्रथिनं बनू नयेत. अशाने आठवण पक्की होत नाही, हे आधीपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी उंदीर खरोखरच पेटी विसरला होता. पण खूण असलेल्या पेशी उजेडाने चालू करताच तो थिजला. आठवण गेली नव्हती, तिच्यापर्यंत जायची वाट बंद झाली होती. २०१६मध्ये धीरज रॉय आणि इतरांनी अल्झायमर या स्मृती जाण्याच्या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासारखा आजार असलेले उंदीर घेतले. शॉकनंतर तासाभराने त्यांना सगळं आठवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. उजेड दिला की त्यांनाही आठवायचं. विशिष्ट पद्धतीने पुन्हा पुन्हा उजेड दिल्यावर त्या पेशींवरचे गळून गेलेले बारीक काटे परत वाढले. हेच काटे शेजारच्या पेशींशी जोडणी करतात. त्यानंतर उजेडाशिवायही त्यांना आठवू लागलं.

हे वाचून कोणीही विचारेल, मग आमच्या आईला असं काही करता येईल का? आज नाही. या पद्धतीत मेंदूच्या पेशींत बाहेरचा जीन घालावा लागतो आणि कवटीत तंतू सोडावा लागतो. उंदराच्या एका भीतीच्या आठवणीसाठी जमलेलं माणसाच्या सत्तर वर्षांच्या आठवणींना लावता येत नाही. शिवाय अल्झायमर पुढे गेला की पेशीच मरतात, आणि मेलेल्या पेशीला कोणताही उजेड जागं करत नाही. या संशोधनाचं नाव घेऊन 'स्मरणशक्ती परत आणणारं' काही विकणारा भेटला, तर त्याला पैसे देऊ नका.

मात्र एक काम आजच करता येतं. घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारायला लागलं, पैसे कुठे ठेवले विसरायला लागलं, ओळखीच्या वाटेवर चुकायला लागलं, की आपण वय झालं म्हणून सोडून देतो. विसरण्याची काही कारणं उपचाराने सुधारतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार, मनाचं नैराश्य, चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त. त्यातली बरीचशी रक्ताच्या तपासणीत, स्कॅनमध्ये किंवा डॉक्टरांशी नीट बोलण्यात सापडतात. जिल्हा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे एकदा घेऊन जा. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं न्या, आणि विसरणं कधीपासून आणि कशाने सुरू झालं हे सांगू शकेल असं घरातलं एक माणूस न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.